बोलावणे येईपर्यंत थांबायला लावू नका : पुण्यातील धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहरातील धर्मादाय रुग्णालयांचे विश्वस्त आणि वैद्यकीय संचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे रुग्णालयात प्रशिक्षण झालेली मानसशास्त्रज्ञ आहे. दीर्घ आजार असलेली मुले, त्यांची घरची माणसे आणि आजार सोबत घेऊन जगणारे मोठे रुग्ण यांच्याबरोबर पुण्यात काम करते. हे पत्र एकाच मागणीसाठी आहे आणि ती आधीच सांगून टाकते. तुमच्या रुग्णालयाच्या बालरोग, कर्करोग आणि डायलिसिस विभागांत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे पगारी, पूर्ण वेळ पद निर्माण करा. सकाळच्या राऊंडला डॉक्टर आणि सिस्टर यांच्याबरोबर तो माणूसही असू द्या.

वॉर्डात सध्या काय घडते ते विश्वस्त मंडळाच्या बैठकीपर्यंत पोचत असेल असे मला वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी पाहिलेल्या बहुतेक रुग्णालयांत आमच्यापैकी कुणीतरी आठवड्यातून एखाद-दोन दिवस ओपीडी चालवते आणि वॉर्डातून बोलावणे आले तर जाते. बोलावणे कधी येते? ‘मॅडम, एक मुलगी सुई लावूच देत नाही, जरा समजावून सांगा.’ ‘पेशंट म्हणतोय आता डायलिसिस नको, तुम्ही एकदा बोलून बघा.’ ‘वडील रेसिडेंट डॉक्टरच्या अंगावर धावून गेले, त्यांचं कौन्सेलिंग करून घ्या.’ म्हणजे सगळे बिनसल्यावर. मी पोचते तोवर त्या मुलीला चौघांनी धरून सलाइन लावलेले असते, आई भिंतीकडे तोंड करून उभी असते, सिस्टरचा हात ओरबाडलेला असतो आणि कुणालाच कुणाशी बोलायचे नसते. याच मुलीला आदल्या दिवशी अर्धा तास मिळाला असता तर यातले बरेचसे टळले असते. माझी सगळी मागणी त्या आदल्या दिवसासाठी आहे.

सुईची भीती ही किरकोळ गोष्ट वाटते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, हा रक्ताचा कर्करोग. त्याचा उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतो. थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. टाइप वन मधुमेहाच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा इन्शुलिन, शिवाय बोटाला टोचून साखर बघणे, आणि हे जन्मभर. अशा मुलाच्या आयुष्यात सुई पाहुणी म्हणून येत नाही, राहायलाच येते. पहिल्या वेळी ज्याला धरून दाबून टोचले, ते मूल दुसऱ्या वेळी वॉर्डच्या दारात रडते, तिसऱ्या वेळी रिक्षात आणि मग आदल्या रात्रीपासून घरी. पुढे पुढे आईवडीलच तारखा चुकवू लागतात. केस पेपरवर त्याची नोंद ‘फॉलोअपला आले नाहीत’ अशी होते.

यावर करायचे काय, हे नीट माहीत आहे. त्वचा बधिर करणारे मलम सुईच्या साधारण तासभर आधी लावावे लागते, म्हणजे तासभर आधी कुणाच्या तरी ते लक्षात असावे लागते. मुलाला आडवे पाडून धरण्याऐवजी आईच्या मांडीवर, तिच्या छातीशी बसवायचे. कोणता हात, ते त्याला ठरवू द्यायचे. बाहुलीला आधी त्याच्याच हाताने सलाइन लावू द्यायचे. खोलीत पाच जण एकदम ‘काही नाही होत, काही नाही होत’ म्हणत असतात, त्याऐवजी एकानेच बोलायचे आणि खरे बोलायचे : ‘टोचेल. मी दहा म्हणेपर्यंत दुखेल. तोवर तू या फुग्यांवर जोरात फुंकर मार.’ यात महागडे काहीच नाही. पण रेसिडेंटच्या हाती चाळीस कामे असतात आणि सिस्टरच्या वाट्याला अख्खा वॉर्ड. त्यांच्याकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. हे ज्याचे काम आहे तो माणूस तिथे हवा.

आता त्याहून अवघड गोष्ट. ‘त्याला काही सांगू नका’ हे वाक्य मी आपल्या घरांत जितके ऐकले आहे तितके दुसरे कुठलेच ऐकलेले नाही. आई म्हणते, आजोबा म्हणतात, सोबत आलेले मामा म्हणतात. त्यामागे माया असते, हे मी कधीही विसरत नाही. पण मुलाला कळायचे ते कळतच असते. राऊंडवर इंग्रजीत बोलले तरी आईचा चेहरा मराठीतच असतो. शेजारच्या खाटेवरचा मुलगा सांगतो. बारा-तेरा वर्षांचा असेल तर सलाइनच्या बाटलीवरचे औषधाचे नाव मोबाइलवर शोधतो आणि रात्री दोन वाजता एकटा वाचत बसतो. न सांगितल्यामुळे भीती कमी होत नाही. ती कुणाशी बोलायची सोय तेवढी जाते.

लहान मुलांचे तर आणखी वेगळे असते. चार-पाच वर्षांच्या मुलाला आजार ही शिक्षा वाटते. ‘मी आजीचं ऐकलं नाही म्हणून झालं’, ‘मी ताईला ढकललं होतं म्हणून’ असे मुले खरोखर सांगतात, आणि तेही कुणी विचारले तर. या वयात मेलेले माणूस परत येऊ शकते असेही त्यांना वाटत असते. मरण कायमचे असते आणि ते सगळ्यांनाच येते, ही समज बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या सुमारास येऊ लागते. म्हणून सहा वर्षांच्या मुलाला सांगायचे वेगळे आणि चौदा वर्षांच्या मुलीला वेगळे. रक्ताच्या कर्करोगाच्या लहान रुग्णाला मी साधारण असे सांगते : ‘तुझ्या रक्तात काही पेशी चुकीच्या वाढल्या आहेत. तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही. तुझ्यापासून दादाला ते लागणार नाही. औषधाने केस जातील आणि नंतर परत येतील.’ ही चार वाक्ये म्हणायला मिनिटही लागत नाही. पण त्याआधी आईवडिलांशी दोन-तीन बैठका लागतात. पहिल्या बैठकीत आई फक्त रडते. दुसऱ्या बैठकीत वडील विचारतात, ‘आणि त्याने विचारलं, मी मरणार का, तर?’ त्या प्रश्नाची तयारी आम्ही तिघे मिळून करतो. कॉरिडॉरमध्ये, ट्रॉलीला वाट देत उभ्या उभ्या ती करता येत नाही. दार लागेल अशी एक खोली त्यासाठी हवी. तीही या पत्रातली मागणी समजा.

थॅलेसेमियाचे एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगी दीड वर्षाची, निदान नुकतेच झालेले. सासूबाई सगळ्यांसमोर सुनेला म्हणाल्या, ‘आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं.’ सून खाली मान घालून उभी. डॉक्टरांनी निदान नीट सांगितले होते, औषधे लिहून दिली होती, त्यांच्याकडून काहीच राहिले नव्हते. पण घरात त्या वाक्याचे राज्य सुरू झाले होते आणि त्या बाईचे माहेरी जायचे ठरत होते. आम्ही सासूबाईंना मुद्दाम बोलावले. त्यांच्यासमोर कागदावर आकृती काढली. हा आजार मुलाला तेव्हाच होतो जेव्हा आई आणि वडील दोघेही वाहक असतात, म्हणजे दोघांच्याही रक्तात तो दोष लपलेला असतो, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता चारात एक असते. वाहक माणूस एरवी धडधाकट असतो, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या पत्ता लागत नाही. सासूबाईंच्या मुलाचा रिपोर्ट त्याच्याच हातात होता. तो म्हणाला, ‘आई, माझ्या रक्तातही आहे. म्हणजे तुझ्या नाहीतर बाबांच्या रक्तातून आलंय.’ सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, ‘रक्त कधी चढवायचं असतं? मी येत जाईन सोबत.’ त्या अजून येतात. उपचार एका दिवसाने चुकलेला नाही, कारण त्या चुकू देत नाहीत. घराशी काम करायचे म्हणजे असे. याला बिलात कोणते शीर्षक द्यायचे ते मला खरोखर सांगता येणार नाही, पण त्या मुलीचे आयुष्य त्यावर उभे आहे.

वडिलांविषयी वेगळे लिहायला हवे. बीड, सोलापूर, अहिल्यानगरकडून आलेल्या मुलासोबत आई वॉर्डात राहते आणि बाप पैशाच्या मागे असतो. चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यात शिफ्ट करून रविवारी येतो, गावी जमिनीचे बोलणे चाललेले असते, पाहुण्यांकडे हात पसरून झालेला असतो. वॉर्डात तो पाच मिनिटे टेकतो आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन थांबतो. त्याला ‘समुपदेशन कक्षात या’ म्हटले तर तो येणार नाही. चहाच्या टपरीवर त्याच्याशेजारी उभे राहून बोलावे लागते. रोज दिसणाऱ्या माणसाशी तो बोलतो, आठवड्यातून एकदा येणाऱ्या मॅडमशी बोलत नाही. जे वडील ‘अंगावर धावून गेले’ म्हणून आम्हाला बोलावणे येते, त्यांच्यापैकी कितीतरी जण त्याआधी अनेक दिवस गप्प होते. ते गप्प आहेत हे वॉर्डात काम करणाऱ्या मावशींनी पाहिलेले असते, वॉर्डबॉय मामांनी पाहिलेले असते. पण ते सांगायचे कुणाला?

आणि भावंडे. आजारी मुलाची धाकटी बहीण आजीकडे गावाला पाठवलेली असते. शाळा बदललेली, आई फक्त फोनवर, आणि आपण दादाशी भांडलो होतो त्यामुळेच हे झाले अशी मनाशी गाठ. तिचे नाव तुमच्या रुग्णालयाच्या कुठल्याही नोंदीत नसते. लहान म्हणून बहुतेक वॉर्डांत तिला आत सोडत नाहीत. संसर्गाचे कारण खरे असते, ते मी नाकारत नाही. पण आठवड्यातून एकदा बाहेरच्या बाकावर तिला भेटता येते, व्हिडिओ कॉल लावून देता येतो, दादाच्या सलाइनची गोष्ट तिलाही चित्रातून सांगता येते. सुटीत बिछान्यात लघवी होऊ लागली, पोट दुखते म्हणून शाळेत जात नाही, अशा तक्रारी घेऊन हीच भावंडे वर्षभराने आमच्याकडे येतात.

2025 च्या जानेवारीत पुण्यातल्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत जीबीएसचा, म्हणजे गुलेन बारी सिंड्रोमचा उद्रेक झाला, तो तुम्ही सगळ्यांनी जवळून पाहिला. संशयित धरून दोनशेहून अधिक रुग्ण. विहिरीचे पाणी, टँकर, खासगी आरओ प्लांट, कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू यांवर पुष्कळ बोलले गेले आणि ते बोलणे आवश्यकच होते. मला त्या वॉर्डांमधली दुसरी बाजू सांगायची आहे. या आजारात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. पायातली शक्ती जाते, मग हातातली, काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. मन मात्र जागे असते. ज्याला औषध देऊन झोपवलेले नाही अशा रुग्णाला सगळे ऐकू येते, सगळे कळते, फक्त बोलता येत नाही, बोट हलवता येत नाही. ते मूल असेल तर विचार करा. आयसीयूत दिवस-रात्र दिवे चालू, शेजारी मशीनचे आवाज, आई दिवसातून ठरलेल्या वेळी काही मिनिटे दिसणार, आणि हे असेच राहणार की बरे होणार हे त्याला कुणी सांगितलेले नाही.

जीबीएसचे बहुतेक रुग्ण सुधारतात, पण आठवडे जातात, कधी महिने. ते आठवडे मुलाने कसे काढायचे यासाठी साध्या गोष्टी असतात. पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही, हे ठरवून घ्यायचे आणि सगळ्या पाळ्यांच्या सिस्टरना सांगून ठेवायचे. अक्षरांचा तक्ता खाटेपाशी ठेवायचा. डोळ्यांसमोर घड्याळ, भिंतीवर कॅलेंडर, रात्री दिवे मंद. कुठलाही हात लावायच्या आधी ‘आता पाठ पुसणार आहे’ म्हणून सांगायचे. आईचा आवाज रेकॉर्ड करून ऐकवायचा. घरी गेल्यावर ही मुले झोपेत दचकतात, बाटलीतले पाणीसुद्धा प्यायला घाबरतात, आईला स्वयंपाकघरात जाऊ देत नाहीत. त्या कुटुंबांपैकी काहींशी माझे बोलणे झाले. इंजेक्शने, बिले, फिजिओथेरपी यांची माहिती सगळ्यांना होती. मुलाच्या मनात काय चालले असेल याविषयी आपल्याशी कुणी बोलल्याचे त्यांना आठवत नव्हते. शहरावर संकट आले तेव्हा व्हेंटिलेटर किती आहेत ते आपण मोजले. आयसीयूत मुलाशी बोलणारे किती आहेत, हेही त्याच वेळी मोजायला हवे होते.

असे पद निर्माण करता येत नाही, असे कुणी म्हणू नये. आपल्याच देशाने ते एका आजारात करून दाखवले आहे. एचआयव्हीच्या तपासणी केंद्रांत चाचणीच्या आधी आणि नंतर रुग्णाशी बोलणारा समुपदेशक हा सरकारी कार्यक्रमाचाच भाग आहे, त्याचे पद आहे, त्याला पगार आहे. नुसता रिपोर्ट हातात ठेवला तर माणूस कोसळेल, औषध सोडेल, घरातून हाकलला जाईल, हे त्या काळी सगळ्यांना पटले होते. पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था 1992 मध्ये सुरू झाली आणि या शहराने ती सगळी लढाई पाहिली. मग ल्युकेमियाचा रिपोर्ट हातात ठेवताना तीच काळजी का नको? वारजे इथल्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये 1997 पासून कर्करोगाच्या रुग्णासोबत घरचे माणूस राहते, उपचार विनामूल्य असतात आणि मनाची काळजी हा तिथल्या शुश्रूषेचा भाग असतो. येरवड्याच्या मुक्तांगणमध्ये 1986 पासून व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांशीही काम होते. हे शिकायला पुण्याबाहेर जायची गरज नाही.

कायद्याचे थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 ने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे कोण हे स्पष्ट केले आणि शारीरिक आजाराच्या बरोबरीने मानसिक आजारालाही विमा मिळाला पाहिजे असे विमा कंपन्यांना बजावले. पण माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक मुलांना मानसिक आजार नसतोच. त्यांना मधुमेह असतो, कर्करोग असतो आणि त्यामुळे भीती, राग, शरम असते. वडिलांना झोप लागत नाही, आईचे जेवण सुटलेले असते. याला सहसा कुणी निदानाचा कोड लावत नाही, कोड नाही म्हणून बिलात ओळ नाही, बिलात ओळ नाही म्हणून उत्पन्न नाही आणि उत्पन्न नाही म्हणून पद नाही. खासगी कॉर्पोरेट रुग्णालयाकडून मी फार अपेक्षा करणार नाही, पण तुम्ही धर्मादाय आहात.

उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार तुमच्या 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, आणि एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. या रुग्णांची कागदपत्रे जमवायला, पिवळे-केशरी रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बघायला तुमचे वैद्यकीय समाजसेवक दिवसभर राबतात. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण याच रुग्णांना मनाच्या आधाराची गरज सर्वांत जास्त असते आणि बाहेर एका सत्राचे पैसे देणे त्यांना कदापि शक्य नसते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे सत्र हा उपचार आहे असे तुम्ही ठरवलेत, त्याची केस पेपरवर नोंद केलीत, तर त्याचा खर्च कुठून भागवायचा ही चर्चा तरी सुरू होईल. आज ती सुरूच होत नाही. आणि पैसे भरणाऱ्या रुग्णाकडूनही यासाठी वेगळे शुल्क घेऊ नका, अशी माझी विनंती आहे. वेगळे शुल्क दिसले की घरचे पहिल्यांदा हेच नको म्हणतात. ड्रेसिंग, सिस्टरची देखभाल, आहारतज्ज्ञ यांच्यासारखे ते वॉर्डच्या खर्चातच धरा.

पदावर कुणाला घ्यायचे, याबाबत आग्रही राहा. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली, रुग्णालयात देखरेखीखाली प्रशिक्षण झालेली व्यक्ती घ्या. नोंदणी क्रमांक मागा आणि तपासा. चार शनिवार-रविवारांचा कोर्स केलेल्या उत्साही माणसाला कमी पगारात बसवून पद भरल्याचे समाधान मानू नका. समुपदेशकांचे काम मोलाचे आहे आणि त्यांच्यासोबत आम्ही आनंदाने काम करतो. पण मुलाच्या मेंदूवर उपचारांचा काय परिणाम झाला हे तपासणे, नैराश्य आणि केमोथेरपीचा थकवा यांतला फरक ओळखणे, मनोविकारतज्ज्ञांकडे कधी पाठवायचे हे ठरवणे, यासाठी वेगळे शिक्षण लागते.

मेंदूचा उल्लेख केला, तो उगाच नाही. ज्या मुलांच्या पाठीतून केमो दिली जाते किंवा डोक्याला रेडिएशन मिळते, त्यांच्यातल्या काहींचे लक्ष टिकत नाही, काम करायचा वेग मंदावतो. मूल वाचते, घरी पेढे वाटले जातात, ते शाळेत परतते आणि सहा महिन्यांत बाई म्हणतात, ‘आजारपणात लाड झालेत, आता अभ्यास नको वाटतो.’ त्या मुलाची बुद्धिमत्ता आणि अवधान यांची चाचणी वेळेवर झाली, शाळेला एक पत्र गेले, पेपरला जादा वेळ मिळाला, तर त्याचे पुढचे वर्ष वाचते. टाइप वन मधुमेहाच्या मुलांचेही तेच. वर्गात इन्शुलिन घ्यायला जागा नसते म्हणून मुली शाळेच्या स्वच्छतागृहात जाऊन टोचून घेतात, किंवा दुपारचा डोस गाळतात आणि घरी खोटे आकडे सांगतात. आई म्हणते, ‘चारचौघांत सांगू नका, पुढे लग्नाचं बघायचंय.’ मुलगी तेव्हा नऊ वर्षांची असते. शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेशी बोलणारे माणूस रुग्णालयाच्या टीममध्ये असेल, तर हे सुटते. हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

मोठ्यांच्या डायलिसिसविषयी आठवड्याला दोन-तीन खेपा आणि प्रत्येक खेप चार तासांची, एवढे लक्षात घेतले तरी पुरे. पाण्याचा प्रत्येक घोट मोजणारा, नोकरी सुटलेला, बायकोने किडनी द्यावी की नाही या प्रश्नावर घरात महिनोन् महिने अबोला असलेला माणूस त्या खुर्चीत चार तास एका जागी बसलेला असतो. बोलायला याहून चांगली वेळ कोणती? तिथे फक्त टीव्ही चालू असतो. ‘डायलिसिस नको’ हे तो एका दिवसात ठरवत नाही. बरेच आठवडे आधीपासून तो उशिरा येतो, जास्त पाणी पिऊन वजन वाढवून येतो, सिस्टरशी बोलायचे थांबतो.

आणि जी मुले वाचत नाहीत त्यांच्याविषयी. कागदपत्रे हातात देऊन रुग्णवाहिका निघाली की रुग्णालयाच्या लेखी ते कुटुंब संपते. ज्या सिस्टरने त्या मुलाला दोन वर्षे आंघोळ घातली तिला अर्ध्या तासात पुढच्या खाटेवर जावे लागते. काही आठवड्यांनी त्या घरी एक फोन जावा. त्या वॉर्डच्या कर्मचाऱ्यांना महिन्यातून एकदा एकत्र बसून बोलता यावे. माझ्या मते या दोन गोष्टी सर्वांत स्वस्त आहेत आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित.

येत्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी माझी विनंती आहे. तीनही विभागांत एकदम जमणार नसेल तर बालरोग विभागापासून एक पद आणि एक खोली यांनी सुरुवात करा. नवे निदान झालेल्या प्रत्येक मुलाच्या घरच्यांना पहिल्या आठवड्यातच हा माणूस भेटेल, तक्रार असो वा नसो, एवढा एक नियम करा. वर्षभरानंतर चुकलेल्या तारखा, अर्धवट सोडलेले उपचार, वॉर्डातली भांडणे यांचे तुमचेच आकडे तपासा आणि मग पुढचे ठरवा. बैठकीला बालरोग वॉर्डच्या एका ज्येष्ठ सिस्टरला आणि उपचार संपलेल्या एखाद्या मुलाच्या आईला किंवा वडिलांनाही बोलवा. आमच्यापैकी कुणी येऊन कामाची रूपरेषा मांडावी असे वाटले, तर मी आणि माझे सहकारी स्वखर्चाने यायला तयार आहोत. आणि तुमचा निर्णय नकाराचा झाला, तर त्याची कारणे लेखी द्या, म्हणजे त्यांतल्या एकेका अडचणीवर काय करता येईल ते आम्हाला पाहता येईल.

आपली विश्वासू,
एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट
पुणे